सांधण दरी पहिल्यांदा करताय? आधी हे वाचा

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून सांधण दरीकडे जाणारी वाट इतकी सोपी आहे की पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, हे तर फिरायला आल्यासारखंच आहे. शेतांच्या बांधावरून, थोड्या झाडीतून पंधरा-वीस मिनिटं चाललं की पुढची जमीन दुभंगलेली दिसते आणि वाट त्या भेगेत उतरते. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर आकाशाची एक पट्टी. जवळपास 2 किलोमीटर लांब आणि दोन-अडीचशे फूट खोल अशी ही घळ थेट कोकणाच्या तोंडाशी जाऊन उघडते.

गडावर जाताना आपण आधी चढतो. दम लागला की बसतो, नाहीच जमलं तर खाली उतरतो. सांधणमध्ये हे सगळं उलटं आहे. इथे सुरुवातीलाच उतार, आणि पहिल्या कड्यावरून दोराने खाली गेलात की मागची वाट तुमच्यासाठी बंद. मग एक तर करोली घाट चढून साम्रदला यायचं, नाहीतर कोकणात डेहणे गावी उतरायचं. दोन्हीला पायात बराच जोर शिल्लक लागतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इंटरनेटवर फोटो पाहिले आणि पैसे भरले. आमचा 42 जणांचा गट होता, दोर एकच होता, हेल्मेटं दहा-बारा. पहिल्या कड्यावर साडेतीन तास रांग लागली. शेवटचा मुलगा उतरला तेव्हा दरीत अंधार झाला होता आणि पुढचे धोंडे आम्ही मोबाईलच्या उजेडात उतरलो. एका मैत्रिणीचा घोटा मुरगळला, तिला दोघांनी धरून आणलं. त्यानंतर मी पाच वेळा गेले आहे आणि आता नवख्यांना बरोबर नेते. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

1. अर्धी दरी की पूर्ण दरी, हे घरी बसून ठरवा

अर्धी दरी म्हणजे साम्रदहून आत शिरायचं, पाण्याचे दोन टप्पे पार करायचे, पहिल्या मोठ्या कड्याच्या अलीकडे थांबायचं आणि आल्या वाटेने परत. रमतगमत तीन-चार तास लागतात. दोर लागत नाही. दरीचा सगळ्यात चिंचोळा आणि देखणा भाग यातच येतो. घरातली मोठी मुलं, पहिल्यांदा ट्रेक करणारे मित्र, पन्नाशीचे आईवडील, ज्यांचे गुडघे धड आहेत अशा सगळ्यांनी हीच करावी.

पूर्ण दरी म्हणजे त्यापुढे दोराने कडे उतरून तळ गाठायचा आणि मग करोली घाट किंवा डेहणे. हा पूर्ण दिवसाचा कष्टाचा ट्रेक आहे. याआधी रतनगड, राजगड, हरिश्चंद्रगड यांसारखे दोन-तीन गड सॅक पाठीवर घेऊन केलेले असावेत असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक अर्धी दरी म्हणून येतात आणि कड्यापाशी दुसऱ्या गटाचे दोर लागलेले बघून "आलोच आहोत तर उतरू" म्हणतात. जेवणाचे डबे गाडीत, पाणी एक बाटली, गाडी साम्रदला आणि माणसं कोकणात. असं करू नका.

2. महिना बघून जा

जून ते सप्टेंबर दरीत जायचं नाही. पावसाळ्यात तिथे प्रवेशबंदी असते आणि त्याला कारण आहे. साम्रद-घाटघर हा अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला सर्वात जास्त पावसाचा पट्टा. वरचं पठार कातळाचं, त्यात पाणी मुरत नाही. पडलेला सगळा पाऊस ओढ्यांनी या घळीत येतो. दरीच्या आतून तुम्हाला आकाशाची फक्त पट्टी दिसते. मागे पठारावर ढग फुटला तरी कळत नाही, आणि कळेपर्यंत पाणी अंगावर आलेलं असतं. भिंती सरळ उभ्या, चढून जायला जागा नाही.

ऑक्टोबरमध्ये पाणी खूप असतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वात चांगला. पाण्याचे टप्पे असतात, पण पार करण्याजोगे, आणि ऊन सोसवतं. मार्चनंतर पाणी आटत जातं, दरी सोपी वाटते, मात्र तळाचे धोंडे आणि करोली घाट तव्यासारखे तापतात.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस लक्षात ठेवा. एकदा एप्रिलच्या अखेरीस आम्ही सकाळी स्वच्छ उन्हात निघालो होतो. आमच्याबरोबर गावातले एक मामा होते. दरीच्या तोंडाशी ते थांबले, अलंग-मदन गडांच्या बाजूला बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, आज नको. दुपारनं येणार हाय." मला तिथे काहीच दिसत नव्हतं. गटातले दोघे कुरकुरले, पण आम्ही परत फिरलो. दुपारी तीनला गारांचा पाऊस झाला. मामांच्या पडवीत उभं राहून आम्ही समोरचा ओढा तांबडा होताना बघितला. गावातला माणूस नको म्हणाला तर वाद घालू नका.

पावसाळ्यात धबधबेच बघायचे असतील तर भंडारदरा परिसरात त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. प्रवरेवरचा रंधा धबधबा, रतनवाडीच्या रस्त्यालगतचे प्रवाह, आणि घाटघरचा कोकणकडा, जिथे खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो. तिथेही कठड्याच्या आतच उभं राहायचं.

3. कोणाबरोबर जायचं

अर्ध्या दरीसाठी साम्रदमधला स्थानिक वाटाड्या पुरेसा आहे. वाट चुकण्यासारखी नाही, पण पाण्यात कुठला दगड हलतो, कुठे शेवाळ धरलंय, हे त्यालाच माहीत असतं. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. गावात बहुतेक घरं महादेव कोळी समाजाची आहेत आणि दरीतून कोणाला बाहेर काढायची वेळ आली की तीच माणसं सर्वात आधी धावतात.

पूर्ण दरीसाठी अनुभवी गिर्यारोहण संस्था हवी. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 पासून आहे, त्यात आयोजकांनी पर्यटन विभागाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. पैसे भरण्याआधी फोन करून हे विचारा:

- नोंदणी आहे का? प्रमाणपत्र पाठवाल का?
- गटात किती जण? (20 च्या वर असतील तर मी जात नाही.)
- कड्यावर दोर किती लागणार? उतरायचा एक आणि सुरक्षेचा, म्हणजे बिलेचा, दुसरा असतो का?
- प्रत्येकाला स्वतःचं हेल्मेट मिळणार का, की खाली गेलेलं वर पाठवणार?
- लीडरपैकी किती जणांनी गिर्यारोहणाचा कोर्स केलाय?
- प्रथमोपचाराचं शिक्षण कोणाचं झालंय?

चांगला आयोजक या प्रश्नांनी खूश होतो. "अहो ताई, काही टेन्शन घेऊ नका, दरवर्षी हजारो लोक जातात," एवढंच उत्तर आलं तर पैसे भरू नका. मी पहिल्या वेळी नेमकं हेच ऐकून भरले होते.

4. कागदपत्रं आणि सामान

सांधण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. हे अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. त्यामुळे प्रवेशशुल्क, नोंद आणि वनविभागाचे नियम आलेच. शुल्काची पावती घ्या आणि परत येईपर्यंत जपून ठेवा.

कागदपत्रं:

- आधारकार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, आणि त्याची झेरॉक्स
- 18 वर्षांखालील मुलं पालकांशिवाय येत असतील तर पालकांचं सहीचं संमतीपत्र
- एका चिठ्ठीवर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचा नंबर. ही चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि बरोबर चालणाऱ्या सोबत्याला सांगून ठेवा
- सुट्टे पैसे. गावात मोबाईलची रेंज भरवशाची नाही, तेव्हा ऑनलाइनवर विसंबू नका

सामान:

- चांगली पकड असलेले बूट. महागडेच हवेत असं नाही. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट घालून निम्मा महाराष्ट्र गड चढला आहे. नवे असतील तर आठवडाभर आधी घालून चाला
- लवकर वाळणारी पूर्ण लांबीची पँट. जीन्स नको. भिजलेली जीन्स घालून धोंड्यांवर पाय उचलत नाही आणि मांड्या सोलून निघतात
- मोज्यांचा दुसरा जोड आणि एक सुका टी-शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून
- पाणी: अर्ध्या दरीला 2 लिटर, पूर्ण दरीला 4 लिटर
- डोक्याला लावायची बॅटरी, जादा सेलसकट. सकाळी निघणार असाल तरीही
- कोरडं खाणं: चिक्की, खजूर, दशम्या, गुळपोळी. मीठ-साखरेची पाकिटं
- क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, शिटी
- मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी
- केस लांब असतील तर घट्ट बांधायला दोन-तीन रबरं. कारण पुढे येईल

सेंट, डिओ, उग्र वासाचं तेल लावू नका. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. वास आणि धूर त्यांना खपत नाही. दरीत विडी-सिगारेट पेटवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो तुमचा मेहुणा का असेना.

5. साम्रदला पोचणं

मुंबईकरांनी कसारा किंवा इगतपुरी गाठायचं, तिथून घोटी-बारी-शेंडी. रात्रीच्या कसारा लोकलने येऊन पुढे ठरवलेल्या जीपने जाणं ही ट्रेकर मंडळींची जुनी पद्धत. जीप आधीच ठरवून ठेवा. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी. शेंडी हे भंडारदरा धरणाचं गाव. तिथून साम्रदला दोन रस्ते आहेत: एक उडदावणे-घाटघरकडून, दुसरा रतनवाडीकडून. साधारण वीस-बावीस किलोमीटर. पेट्रोल आणि औषधं शेंडीच्या आधीच घ्या.

आदल्या संध्याकाळी साम्रदला पोचून गावातल्या घरी मुक्काम करा, हा माझा आग्रह आहे. रात्रभर गाडीत अवघडून, पहाटे चार वाजता पोचून, सहाला दरीत उतरलेली माणसं दुपारी दोनला ढेपाळतात. मी स्वतः ढेपाळले आहे. मावशींच्या हातची तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा खाऊन सहा तास झोप झाली की दुसऱ्या दिवशीचा माणूस वेगळाच असतो. सकाळच्या डब्याचंही रात्रीच सांगून ठेवा.

6. पाण्याचे टप्पे

दरीत शिरल्यावर थोड्याच अंतरावर पहिलं पाणी लागतं. हिवाळ्यात ते गुडघ्यापासून कमरेपर्यंत असतं. दुसरं त्याहून खोल, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छातीपर्यंतही येतं. तिथे ऊन जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे पाणी इतकं गार असतं की पहिल्या दोन पावलांत श्वास अडकतो. घाबरू नका, जागीच उभे राहा, तीन-चार श्वास सावकाश सोडा, मग पुढचं पाऊल.

बूट काढू नका. तळाला दगड आहेत, ते दिसत नाहीत आणि बुळबुळीत असतात. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळावरून सरकवायचं. आधी पुढच्या पायाने दगड चाचपा, तो हलत नाही याची खात्री करा आणि मगच भार टाका. एक हात सतत भिंतीला. सॅक डोक्यावर घेण्याऐवजी दोघांमध्ये एकेक करून पास करा. डोक्यावर ओझं आणि पायाखाली शेवाळ असा संगम नको. भिंतीजवळ कातळाची एक अरुंद धार पाण्याखालून जाते, वाटाडे तिच्यावरूनच चालतात. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवा.

पोहता येतं म्हणून कोणी उडी मारू नये. वरून खोल दिसणाऱ्या पाण्यात हातभर खाली धोंडा असतो.

आणि इथेच स्वतःला विचारा: परत येताना हेच पाणी दमलेल्या पायांनी पार करायचं आहे, जमेल ना? गटातल्या एकाचंही उत्तर डळमळीत असेल तर कोरड्या बाजूलाच बसा. तिथूनही दरी सुंदर दिसते.

7. धोंड्यांची वाट

पाण्यानंतर सगळा रस्ता धोंड्यांचा. काही फुटबॉलएवढे, काही खोलीएवढे. उड्या मारत जायचा मोह होतो, पण बहुतेक घोटे इथेच मुरगळतात. हातापायांपैकी तीन आधाराला टेकलेले आणि एकच सुटा, हा नियम पाळा. उतार मोठा असेल तर सरळ बसून सरका, कोणाला कसं दिसतंय याची पर्वा नको.

वरून दगड पडतात. कधी माकडांमुळे, कधी कड्यावरच्या माणसांमुळे, कधी आपोआप. म्हणून हेल्मेट दोरापुरतं नाही, दरीत शिरल्यापासून घालायचं. जेवायला भिंतीच्या अगदी खाली बसू नका. तुमच्या पायाने दगड सुटला तर जोरात "दगड!" म्हणून ओरडा. आणि ती हाक ऐकलीत तर वर बघू नका, भिंतीला चिकटा.

मध्ये एका ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. दुपारी बाराच्या आसपास तिथे ऊन सरळ खाली येतं, जेमतेम थोडा वेळ, आणि काळा कातळ तांबूस होतो. त्या कातळाला हात लावून बघा: एका बाजूला पाण्याने घासून काचेसारखा गुळगुळीत, वर हात पोचेल तिथे खरखरीत. दख्खनच्या लाव्हाचे हे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. गुळगुळीत भाग कुठवर आहे ते बघितलं की पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं हे आपोआप कळतं. माझ्या डोक्याच्या बरंच वर.

8. दोराने उतरणं

पहिला कडा साधारण 40-45 फुटांचा, त्यापुढचे दोन-तीन लहान. उतरण्याआधी घड्याळ बघा. सकाळचे अकरा वाजून गेले असतील आणि तुमच्या पुढे वीस माणसं रांगेत असतील, तर पूर्ण दरीचा विचार सोडा आणि परत फिरा. मागे फिरण्याची ही शेवटची जागा आहे.

उतरताना:

- हार्नेसचा, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा, पट्टा स्वतः तपासा, मग लीडरकडून तपासून घ्या. पट्ट्याखाली मूठ शिरत असेल तर तो सैल आहे
- कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, लॉक फिरवून बंद केलंय ना, बोटाने दाबून बघा
- केस, ओढणी, सॅकचे लोंबते पट्टे, सगळं आत. डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या धातूच्या साधनात, केस अडकले तर अधांतरी लटकत ते कापावे लागतात
- खालचा हात हा ब्रेक. तो कमरेशी, आणि कोणत्याही कारणाने सोडायचा नाही
- पाय खांद्याइतके फाकवून तळवे भिंतीला सपाट, अंग मागे टाकायचं. भीतीने आपण भिंतीला बिलगतो आणि त्यानेच पाय घसरतात
- उतरलात की दोर मोकळा करून लगेच बाजूला व्हा. फोटोसाठी कड्याखाली उभं राहू नका

पहिल्या पावलाला सगळ्यांचेच हात थरथरतात. लीडरला तसं सांगा, तो थांबतो.

9. तळापासून घरी

कडे संपले की दरी रुंद होते आणि समोर कोकण उघडतं. इथवर दुपारी दोनच्या आत पोचायला हवं. पोट भरून खा, मोजे बदला, पाणी मोजा. नोव्हेंबर-जानेवारीत तळाशी पाणी सापडतं, उन्हाळ्यात त्यावर विसंबू नका.

करोली घाटाने साम्रद गाठायला तीन-चार तासांचा चढ आहे. कोकण आणि घाटमाथा जोडणारी ही जुनी वाट, वाटेत बाण सुळका दिसतो. वाटाड्याशिवाय जाऊ नका, फाटे फसवे आहेत. नवख्यांना मी डेहण्याचीच वाट सांगते: उतार सौम्य, आणि गावातून आसनगाव स्टेशनपर्यंत गाडी मिळते. ती आधी ठरवून ठेवा आणि जादा सामान साम्रदला राहणार नाही असं बघा.

तळाशी मुक्काम करायचा बेत असेल तर परवानगी आहे का ते वनविभागाच्या नाक्यावरच विचारा. अभयारण्यात शेकोटी पेटवू नका. प्लास्टिक, मोसंब्याच्या सालीसकट, सगळं परत आणायचं.

अपघात झालाच तर जखमीला हलवण्याची घाई करू नका. दरीत रेंज नसते, म्हणून दोन धडधाकट माणसं गावाकडे पाठवा, एकटं कोणी नाही. रेंज मिळाली की 112. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर घरून निघतानाच मोबाईलमध्ये साठवून ठेवा.

डेहण्याला उतरलात की गाडीत बसण्याआधी साम्रदला फोन करा. ज्यांच्या घरी रात्री राहिलात त्या मावशींना, आणि नाक्यावर ज्यांनी तुमचं नाव लिहून घेतलं त्यांनाही. एकदा आम्ही विसरलो होतो. रात्री नऊ वाजता मामांचा फोन आला. ते आणि आणखी तिघे बॅटऱ्या घेऊन दरीच्या तोंडाशी उभे होते.